मल्लाप्पा जॉबरचा लाल दिवा

सहा वर्षं मी ऐकदिव्याची सरकारी ऑपरेटर आहे, आणि त्यातली पहिली पाच वर्षं मला त्या यंत्राचा भारी अभिमान होता. शेजारपाजारच्या बायका मला विचारायच्या, "वैजू, यंत्र चुकतं का गं कधी?" मी मान वेळावून सांगायची, "माणूस चुकतो. यंत्र नाही." आता ते आठवलं की मला माझीच लाज वाटते.

गावाचं नाव सांगत नाही. मागांचं गाव आहे, एवढं पुरे. एकेका पत्र्याच्या शेडमध्ये चोवीस-चोवीस माग दिवसभर खटखटत असतात, आणि आत गेलं की स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येत नाही. त्यामुळे तिथली माणसं बोलताना आवाज काढायच्या भानगडीतच पडत नाहीत. नुसते ओठ हलवतात, फार तर एखादं बोट नाचवतात. चहा सांगायचा, शिवी द्यायची, मुलीचं लग्न ठरल्याची बातमी द्यायची, सगळं बिनआवाजी चालतं. माझे वडील, मल्लाप्पा वरुटे, अशा शेडांमधून चाळीस वर्षं जॉबरचं काम करत होते. जॉबर म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. लहानपणी डबा घेऊन जायची तेव्हा ते दुरूनच ओठांनी विचारायचे, "भाकरी का चपाती?" आणि मीही दारातूनच ओठांनी सांगायची.

आता ऐकदिवा कुठून आला ते सांगते. आमच्याकडच्या कामगार वॉर्डांत मतदान शंभरात सतरावर आलं होतं. लोक भांडत नव्हते, मोर्चे काढत नव्हते. मतदानाच्या दिवशी सरळ झोपा काढत होते. सरकारने समिती नेमली. समितीने घरोघर जाऊन कारण विचारलं, आणि लोकांनी एकच सांगितलं, "आमचं कुणी ऐकून घेत न्हाई." शहाण्या माणसांची समिती असती तर तिने पुढाऱ्यांना गल्लीत जाऊन बसायला सांगितलं असतं. या समितीने यंत्र आणलं.

यंत्रामागचं विज्ञान मात्र खरं होतं. माणूस बोलतो तेव्हा त्याचा आवाज सारखा वरखाली होत असतो, शब्दागणिक, अक्षरागणिक. ऐकणारा मन लावून ऐकत असेल, तर त्याच्या मेंदूचा आवाज टिपणारा जो भाग आहे, कानाच्या जरा वर, तिथल्या विजेच्या लहरीही त्याच ठेक्यावर वरखाली होऊ लागतात. मन भलतीकडे गेलं की कानावर आवाज पडतच राहतो, पण लहरींचा ठेका ढिला पडतो. ऐकणाऱ्याच्या डोक्याला एक पट्टी बांधायची. तिच्यात कानांमागे सहा संवेदक असतात. बोलणाऱ्यापुढे माइक ठेवायचा. यंत्र दोन्हींचे आलेख एकमेकांवर ठेवून बघतं. जुळले तर दिवा हिरवा, नाही जुळले तर लाल.

मग कायदा आला. निवडणुकीला उभं राहायचं तर श्रवण-चाचणी द्यायची. वॉर्डातले पाच नागरिक चिठ्ठ्या टाकून निवडायचे, प्रत्येकाने तीन मिनिटं गाऱ्हाणं सांगायचं, आणि त्यातला साठ टक्के वेळ उमेदवाराचा दिवा हिरवा राहिला पाहिजे. नाहीतर अर्ज बाद. पहिल्या वर्षी नुसता हाहाकार उडाला. एक माजी मंत्री अडीच टक्क्यांवर आटोपले. गल्लीगल्लीत लोकांनी पेढे वाटले आणि मतदान शंभरात चोपन्नवर गेलं.

दुसऱ्या वर्षी क्लास निघाले. तिथे एकच युक्ती शिकवत. समोरचा जे बोलेल ते मनातल्या मनात त्याच्यामागून म्हणत राहायचं. अर्थाकडे लक्ष द्यायचं नाही, नुसतं म्हणायचं. ठेका पक्का बसतो आणि दिवा हिरवागार राहतो. माणूस उठून गेला की डोकं पुन्हा रिकामं.

आमचे नगरसेवक रणधीर इंगवले या विद्येत पारंगत होते. माणूस वाईट नव्हता. वाढदिवसाला फोन करायचा, मयताला यायचा. आमच्या गल्लीत कांडी भरणाऱ्या ऐंशी-नव्वद बायका काम करतात. मागाच्या धोट्यात जी सुताची कांडी बसते, ती भरण्याचं काम. त्यांच्यासाठी बांधलेल्या मुतारीला चार वर्षं कुलूप होतं, कारण उद्घाटनाची तारीख ठरत नव्हती. बायका दिवसभर पाणी पीत नसत. त्यांच्यातल्या शकीलाआपांनी मागच्या चाचणीत हे सगळं इंगवल्यांसमोर सांगितलं. दोनदा मूतखड्याने आडव्या पडल्या होत्या त्या, तेही सांगितलं, पुरुषांनी भरलेल्या हॉलमध्ये. दिवा पूर्ण वेळ हिरवा होता. दिवा मीच लावला होता. आणि दोन वर्षं झाली तरी कुलूप तिथेच होतं.

"त्येचा दिवा हिरवा, आमची पोटं दगड," आपा म्हणायच्या. मतदान पुन्हा बावीसवर आलं.

या निवडणुकीला गल्लीतल्या लोकांनी ठरवलं की आपला माणूस उभा करायचा. आणि त्यांनी निवडलं माझ्या वडिलांना.

मला हसू आलं. अख्ख्या गावात एकच माणूस असा होता की ज्याला कुणाचं ऐकता येत नाही हे मी यंत्रावर सिद्ध केलं होतं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. नवीन पट्टी सरावासाठी घरी आणली होती. आई जाऊन वर्ष झालं होतं, घरात आम्ही दोघंच. आप्पा शेडवरून आले, चहा घेऊन खाटेवर बसले. मी म्हटलं, "आप्पा, जरा पट्टी बांधू का? सराव करायचाय." ते म्हणाले, "बांध की." कपाटाशेजारच्या टेबलावर यंत्र मांडलं. आलेख बघायचा होता, म्हणून मी त्यांच्याकडे पाठ करून बसले आणि बोलायला लागले. सरावासाठी काहीही चाललं असतं. पण जे पोटात होतं तेच बाहेर आलं. हुपरीच्या स्थळाचं. मुलगा चांगला होता, चांदीचं काम होतं घरी, पण त्यांना सुनेने नोकरी केलेली नको होती. मला ते लग्न नको होतं. आई असती तर तिला सांगितलं असतं, आता कुणाला सांगू, असं सगळं आठ मिनिटं बोलले. शेवटी तर रडले.

आठही मिनिटं दिवा लाल होता.

"झालं का गं?" आप्पांनी विचारलं. "झालं," म्हटलं, आणि यंत्र मिटवलं. दिवा त्यांना दाखवला नाही. महिन्याभराने हुपरीच्या लोकांनी आपणहून नकार कळवला, तेव्हा मी देवाचे आभार मानले आणि ऑफिसजवळ खोली घेऊन वेगळी राहायला लागले. आप्पा अधूनमधून डबा घेऊन यायचे. मी दारातच घ्यायची. त्यांना कळत नव्हतं काय बिनसलंय, आणि मी सांगत नव्हते. ज्याला ऐकायचंच नाही त्याला काय सांगायचं?

चाचणीच्या आधी मी निवडणूक अधिकारी अंजनकर मॅडमना लेखी कळवलं की उमेदवार माझे वडील आहेत, दुसरा ऑपरेटर द्या. मॅडम म्हणाल्या, "दुसरा तापाने आडवा आहे. आणि तुझ्याच यंत्राला नातीगोती कळत नाहीत ना?" मी पेटी उचलून हॉलकडे निघाले.

नगरपालिकेचा हॉल दुपारी गच्च भरला होता. पुढच्या रांगेत इंगवल्यांची माणसं, मागे कांडीवाल्या, मागवाले, दोन-चार शेडमालक. निवडलेल्या पाच नागरिकांत शकीलाआपांची चिठ्ठी निघाली होती. आधी इंगवले बसले. पाचही जण बोलले. अठ्ठ्याऐंशी टक्के. टाळ्या वाजल्या.

आपा मात्र माइक सोडून खाली बसेनात. म्हणाल्या, "दादा, आत्ता मी बोलले त्यातलं येक सांगा बघू. कशाला कुलूप हाय?"

इंगवले गोड हसले. "आपा, पाण्याच्या टाकीचं कुलूप लगेच मार्गी लावू."

मागच्या रांगा हसल्या. पण त्या हसण्यात जीव नव्हता. ऐकून ऐकून सवय झालेल्या माणसांचं हसणं होतं ते. आणि नियमात आठवणीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं.

मग आप्पा आले. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, नखांत मात्र वंगण तसंच. त्यांच्या फॉर्मवर 'श्रवणशक्ती' या रकान्यात त्यांच्याच हातचा शब्द होता, 'उत्तम'. मी पट्टी बांधली. त्यांनी हळूच विचारलं, "वैजू, बरी हाईस न्हवं?" मी उत्तर न देता जागेवर गेले.

पहिला नागरिक बोलायला लागला. लाल. जरा कुठे हिरवा लुकलुकला आणि पुन्हा लाल. तीन मिनिटांचे चार टक्के. दुसरा बोलला, तीन टक्के. आप्पा पुढे झुकून बोलणाऱ्याच्या तोंडाकडे एकटक बघत होते आणि मधूनच दिव्याकडे बघून गोंधळत होते. इंगवल्यांच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "जॉबर झोपलाय रे!" मागे मागवाल्यांनी माना खाली घातल्या. इतकी वर्षं फसवले गेले होते, आता आपलाच माणूसही तसलाच निघाला, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. आणि मला काय वाटत होतं म्हणाल, तर वाईट वाटत होतं, पण आत कुठेतरी 'मी म्हटलंच होतं' हेही होतं. खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या शकीलाआपा. त्या उठल्या, माइकसमोर आल्या, समोर बसलेल्या आप्पांकडे बघितलं आणि बोलायला लागल्या. आणि आवाजच येईना.

मी माइक तपासला. चालू होता. आपांचे ओठ मात्र भराभर हलत होते, एक बोट वर जात होतं. अंजनकर मॅडम म्हणाल्या, "आजी, जरा मोठ्याने." पण आपांचं लक्षच नव्हतं. वीस वर्षं शेडमध्ये ज्या जॉबरशी त्या बिनआवाजी बोलत आल्या होत्या, तो समोर दिसल्यावर त्यांचा गळा आपोआप बंद झाला होता. आपण आवाज काढत नाही हेच त्यांना उमगलं नव्हतं.

आणि आप्पा खणखणीत आवाजात उत्तर देत होते. "व्हय आपा. चावी बांधकाम खात्यात हाय, तिसऱ्या टेबलावर. मी गेल्तो दोनदा. आणि तुमच्या सुनंला बी आता खड्याचा तरास सुरू झालाय म्हनता? कवापासनं?"

दिवा लालच होता.

आप्पा ओठ बघून ऐकत होते. सहा वर्षं मी कानाची तज्ज्ञ म्हणून मिरवत होते. घरी आप्पा टीव्ही ढणाणा लावायचे, तर सगळ्या गल्लीचाच टीव्ही ढणाणा असतो. कुणी मागून हाक मारली की आप्पा बघत नसत, तर मी म्हणायची, तंद्री लागली असेल. ते नेहमी समोरासमोर बसूनच बोलायचे, तर मला वाटायचं, जुन्या माणसांची रीत. चाळीस वर्षं चोवीस मागांत उभ्या राहिलेल्या माणसाचे कान शाबूत असतील, असं मला वाटलंच कसं?

मी टेबलामागे उभी राहिले. आप्पा आठ-दहा फुटांवर होते. लहानपणी डब्याच्या वेळी करायची तसे मी नुसते ओठ हलवले. "आप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचेही ओठ हलले. "न्हाई. धा वर्सं झाली. बोलू नगंस कुणाला."

"का?"

"बहिऱ्याला जॉबर कोन ठेवतंय?"

ते खरंच होतं. माग कुठे अडतो ते जॉबर आवाजावरून ओळखतो, असं सगळे मानतात. हॉलमध्ये चार शेडमालक बसले होते. बहिरा म्हणून कबूल व्हायचं तर पोटावर पाय, आणि नाही व्हायचं तर लोकांचं न ऐकणारा म्हणून घरी जायचं, तेही याच लोकांसमोर.

"यंत्र तुमचे कान मोजतंय," मी ओठांनी सांगितलं. "डोळ्यांनी ऐकणाऱ्यासाठी दुसरी पट्टी असते. माझ्याकडे आहे. पण तुम्हाला सांगावं लागेल. मोठ्याने."

आप्पांनी शेडमालकांकडे बघितलं. मग आपांकडे, ज्या अजून बोटाने कुलूप दाखवत होत्या. मग ते उभे राहिले.

"बाई," ते अंजनकर मॅडमना म्हणाले, "फारमवर मी चुकीचं लिवलंय. मला ऐकू येत न्हाई. मी तोंडाकडं बघून ऐकतो. उत्तम न्हाई लिवायला पायजे हुतं."

इंगवल्यांचा माणूस ताडकन उठला. "खोटी माहिती दिली! अर्ज बाद करा!"

अंजनकर मॅडम शांतपणे चष्मा पुसत म्हणाल्या, "चाचणी संपायच्या आत दुरुस्ती करता येते, कलम अकरा. तुम्ही खाली बसा. वैजयंता, पुढे काय करायचं असतं?"

मला पाठ होतं. नियमावलीचं शेवटचं पान, जे कधी कुणी उघडत नाही. ओठ वाचणाऱ्या माणसाचा मेंदू दिसणाऱ्या हालचालीचा ठेका धरतो, आणि तो ठेका डोक्याच्या मागच्या बाजूला, नजरेच्या भागात उमटतो. तिथे संवेदक लावायचे आणि माइकऐवजी बोलणाऱ्याच्या ओठांवर कॅमेरा धरायचा. पेटीच्या तळाशी ते पाकीट पहिल्या दिवसापासून पडून होतं. त्याचं सील मी दातांनी तोडलं.

आप्पांच्या मागच्या पांढऱ्या केसांत मी संवेदक बसवले. चाचणी पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. पहिला माणूस तोंड उघडतोय तोच दिवा हिरवा झाला, आणि तो तसाच राहिला. आपांना या वेळी मॅडमनी आवाज काढायची आठवण केली. त्यांनी काढला, मध्येच विसरल्या, दिव्याला काही फरक पडला नाही. पाच जणांचे मिळून त्र्याण्णव टक्के.

टाळ्या वाजल्या नाहीत. मागवाल्यांनी नेहमीच्या सवयीने हात वर करून बोटं नाचवली, आणि सगळा हॉल बिनआवाजी बोलायला लागला. पुढच्या रांगेला काही कळेना. मी हसत होते आणि डोळे पुसत होते.

आप्पा मात्र शेडमालकांकडे बघून अवघडून उभे होते. त्यातले थोरले मालक, बाळगोंडा मगदूम, उठून जवळ आले. त्यांनी आप्पांना हाताने आपल्या तोंडाकडे बघायला लावलं आणि सावकाश म्हणाले, "मल्लाप्पा, तुला ऐकू येत न्हाई हे आम्हा समद्या मालकांना कवाचं ठावं हाय. तू मागाच्या चौकटीवर तळवा ठिऊन बिघाड काडतोस, रोज बघतोय की मी. तू लपवत हुतास, म्हून आम्ही बी गप."

आप्पा मटकन खाली बसले. "मग सांगायचं न्हाई व्हय रं! धा वर्सं माझी झोप गेली."

निकालाचं सांगून टाकते. मतदान त्रेसष्ट टक्के झालं, आप्पा चारशे अकरा मतांनी आले. पहिल्या सोमवारी ते बांधकाम खात्यातल्या तिसऱ्या टेबलासमोर जाऊन बसले आणि दुपारी चावी घेऊन उठले. उद्घाटन झालं नाही. शकीलाआपांनी कुलूप काढलं, आत गेल्या, बाहेर आल्या आणि पहिल्यांदा माठातलं तांब्याभर पाणी प्यायल्या. आणि मी वरच्या ऑफिसला लिहिलंय, ओठांची पट्टी कुणा बहिऱ्यापुरती न ठेवता सगळ्यांना बांधा, निदान बोलणाऱ्याकडे बघावं तरी लागेल, आणि चाचणीनंतर उमेदवाराला काय आठवतं तेही विचारा. उत्तर अजून नाही. आप्पा म्हणतात, टेबल सांग, मी जाऊन बसतो.

पण मला सांगायचंय ते चाचणीच्याच दिवशी संध्याकाळचं. आप्पा हॉलमधून थेट शेडवर गेले होते, एक माग अडला होता म्हणून. मी मागोमाग गेले. चोवीस माग चालू होते. आप्पा चौकटीवर तळवा ठेवून उभे होते. मी समोर गेले आणि ओठांनी विचारलं, "हुपरीच्या लोकांनी नकार का दिला होता?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नि पुन्हा मागाकडे. मग सांगितलं, "तू बोललीस त्याच रैवारी जाऊन आलो त्यांच्याकडं. म्हनलं, पोरीला नको हाय. पर नकार तुमच्याकडनं येऊ द्या, तिच्या नावाला बोल नको."

"तुम्हाला कसं कळलं? मी तर पाठ करून बसले होते."

"कपाटाच्या आरशात दिसत हुतीस की."

आरसा. आठ मिनिटं ते आरशातून माझं ऐकत होते, आणि मी समोरच्या दिव्याकडे बघून त्यांना नापास करत होते. मी बोलायला सुरुवात केली, तीन वर्षांचं एकदम. दिवा लाल होता हे, तुम्हाला दाखवला नाही हे, डबा दारातच घेतला हे, चूक माझी आहे हे. डोळ्यांतलं पाणी ओठांवर येत होतं.

आप्पांनी हात वर करून मला थांबवलं. "हिकडं सरक," त्यांनी खिडकीकडे बोट दाखवलं. "अंधारात तोंड दिसंना. शेवटचं समदं गेलं माझं."

मी उजेडात सरकले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.